डाव्या कुशीचा चिखल

सोमवारी संध्याकाळी चार नंबरची जाळीची पिशवी तिनं उलटी केली, सरावाची राखाडी चड्डी नळाखाली धरण्याआधी सवयीनं उजेडाकडे केली आणि तिचा हात तसाच थबकला. चड्डीच्या डाव्या बाजूला चिखल होता. असायलाच हवा, बचावात खेळणाऱ्या माणसाच्या दोन्ही कुशी माखलेल्या नसतील तर त्यानं दिवसभर केलं काय, असा प्रश्न पडतो. पण हा चिखल घसरून लागलेला नव्हता. त्यात चार रेघा होत्या, वरून खाली, शेजारी शेजारी, शेवटी शेवटी पातळ होत गेलेल्या. बोटं होती ती. कुणीतरी मुठीत चिखल घेऊन स्वतःच्याच मांडीवर पुसला होता. तिनं चड्डी नाकाशी नेली, मग अंगठ्यानं चिखल चोळून पाहिला. गोलपुढची माती भरड, वाळू मिसळलेली, तिच्यात गवताची तुटकी कुसळं असतात. ही माती गुळगुळीत काळी होती, गवताचा एक तंतू नाही. ही पाणी प्यायच्या नळापाशी साचते ती. तिथं कुणी चेंडूमागे घसरत नाही. तिथं माणसं फक्त वाकतात.

बावीस वर्षं ती या फुटबॉल क्लबाच्या धुण्याच्या खोलीत होती. खोली म्हणजे प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची लांबट जागा. छत एका बाजूला उतरत गेलेलं, त्यामुळे यंत्रांपाशी ताठ उभं राहता येतं आणि खुंट्यांपाशी मान घालून वावरावं लागतं. धुण्याची दोन यंत्रं, वाळवायचं एक, दगडी हौद, आणि सव्वीस खुंट्या. प्रत्येक खेळाडूची एक जाळीची पिशवी, तिला नंबराचा बिल्ला. सराव संपला की ज्यानं त्यानं आपले मोजे, चड्डी, बनियन पिशवीत कोंबायचं, गाठ मारायची आणि टोपलीत भिरकावायचं. पिशवीसकट यंत्रात टाकावं असा नियम. पण पिशवीत चिखल सुटत नाही, नुसता फिरत राहतो, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून ती रोज सव्वीस गाठी सोडायची, एकेक कपडा नळाखाली धरून बोथट सुरीनं खरवडायची आणि मग परत पिशवीत भरायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि ती असं करते हे कुणाला ठाऊकही नव्हतं. त्यातून तिला माणसं कळत गेली. गोलकीपर एका अंगानं झेपावायला कचरतो हे त्याच्या कोपरांवरून. दमलेला कोण आणि दमल्याचं सोंग करणारा कोण, हे बनियनच्या पाठीवरच्या मिठाच्या रेषेवरून. मधल्या फळीतल्या एकाचं घर मोडलं तेव्हा तीन आठवडे त्याच्या मोज्यांच्या जोड्या जुळत नव्हत्या. तिची आईही चार घरची धुणी धुवायची आणि धुता धुता ओळी जुळवायची. त्यातली एक हिच्या ओठांवर कधीही यायची, आपण गुणगुणतोय याचं भान नसताना:

मळ बोले मला, माणूस बोलेना
धुतल्या कापडाला, कुणी विचारीना

आईला वाटायचं, मळ खरं तेच बोलतो. हिलाही तसंच वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा तिच्या हातात खोटं बोलणारा चिखल होता.

चार नंबर म्हणजे कप्तान. सतराव्या वर्षी तो क्लबात आला तेव्हा पिशवीला गाठ मारायचीही त्याला येत नव्हती. तिनं शिकवली होती. आता चौतीस. शिबिर सुरू होऊन नऊ दिवस झाले होते आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या चड्डीची डावी बाजू कोरडी येत होती, हे तिनं पाहिलं होतं आणि त्याकडे कानाडोळा केला होता. डाव्या कुशीवर घसरायचं म्हणजे डावा गुडघा अंगाखाली मुडपावा लागतो. जो माणूस सतरा वर्षं दोन्ही कुशींवर लोळला तो नऊ दिवस एकाच कुशीवर लोळतोय, याचा अर्थ न कळायला ती काही काल आलेली नव्हती. पण कळणं वेगळं आणि कळलंय असं स्वतःशी म्हणणं वेगळं. आता त्यालाही कुठून तरी जाणवलं असणार की ही कोरडी बाजू दिसते. तिला दिसेल असं नव्हे. तिचा विचार त्याच्या मनात कशाला येईल. नवा कोच मैदानाच्या कडेला वही घेऊन उभा असतो, त्याला. म्हणून पाणी प्यायला गेला असताना वाकून मूठभर चिखल घेतला आणि मांडीला पुसला. आणि घाईत बोटांच्या रेघा मोडायच्या राहिल्या.

तिनं सुरी घेतली. रेघा गेल्या, काळं पाणी हौदात गेलं, हौदातून मोरीत गेलं. उद्या सकाळी सव्वीस चड्ड्या सव्वीस खुंट्यांवर सारख्याच राखाडी, सारख्याच कोरड्या लटकतील. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. रोज संध्याकाळी साऱ्यांची कबुली वाचायची आणि धुऊन टाकायची. एखाद्या दिवशी या कामाचा शीण हातांना येत नाही, कुठे आत येतो, आणि मग पाणी कोमट आहे की गार तेही कळत नाही. तसा तो दिवस होता.

फाटकावरचा पहारेकरी तिला रोज बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर गाठायचा आणि क्लबाचं भविष्य सांगायचा. मागच्या मोसमात संघ शेवटून दुसरा आला होता तेव्हाही तो सांगायचाच, पण यंदा त्याच्या बोलण्याला वर्तमानपत्रांचा टेकू होता. नवा कोच शिस्तीचा. कडेनं पळणारा नवा विंगर वाऱ्यासारखा. यंदा पहिल्या चारात, लिहून घ्या मावशी. फक्त मागची फळी. मागं कप्तान आहे म्हणून भागतंय. दुसऱ्या गावचा बचावातला एक स्टॉपर यायला तयार आहे म्हणतात, गुरुवारपर्यंत खेळाडू घ्यायची मुदत आहे, पण आपल्याला काय गरज, आपली भिंत शाबूत आहे. शनिवारी मोसमाची यादी वाचतील तेव्हा पहिलं नाव त्याचंच. ती होला हो करत चालली. भिंत शाबूत आहे हे शब्द मात्र चपलेत खडा जावा तसे तिच्याबरोबर बसमध्ये चढले.

बसमध्ये ती नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायची. ही सवय जुनी. नवरा बस चालवायचा तेव्हा त्याची पाठ बघत बसायची, आता कुणाचीही पाठ बघते. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या गणवेशाच्या उजव्या बाहीला घराच्या दारचौकटीचा निळा रंग लागायला लागला होता. आधी तिला वाटलं, रंग ओला असेल. पण घर रंगवून वर्ष झालं होतं. रोज थोडा, कोपराच्या वर, घासून लागलेला. दोन महिने ती तो रंग काढत राहिली, आणि एके दिवशी बाही हौदात बुडवताना तिला उमगलं. हा दाराला धडकतोय. याला उजवीकडचं दिसत नाहीये. समोरचं लख्ख दिसतं, म्हणून वाचता येतं, पत्ते खेळता येतात; पण कडेचं जग त्याच्या डोळ्यांतून गळून चाललंय, आणि तो रोज चाळीस माणसांना घेऊन शहरातून फिरतोय. तिनं त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हसून उडवून लावणार, हे तिला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं तिनं धरलं होतं. ती सरळ डेपोच्या डॉक्टरकडे गेली. दुसऱ्या दिवशी तपासणी, तिसऱ्या दिवशी त्याला चाकावरून काढून हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे. चौदा वर्षं तो त्या खोलीत बसला आणि त्याबद्दल तोंडातून ब्र काढला नाही. घरात बोलायचा, हसायचाही, पण बसचं नाव घेत नसे. कुणी सांगितलं, हे त्यानं विचारलं नाही. आपण सांगितलं, हे ती बोलली नाही. दोघांच्या मध्ये ते तसंच राहिलं, घरात नकोशी पण जड वस्तू असावी तसं. हलवायला दोघं लागतात आणि दोघं एकदम कधी वाकत नाहीत.

मंगळवारी सरावानंतर चार नंबरची पिशवी आली. पुन्हा तोच गुळगुळीत चिखल. या वेळी जरा हुशारीनं, तळव्यानं पसरलेला, पण कडेला अंगठ्याचा गोल ठसा. तिनं बाकीच्या पंचवीस पिशव्या धुतल्या. त्याची चड्डी धुतली नाही. आहे तशी, ओली, त्याच्या खुंटीवर टांगली, ठसा बाहेरच्या बाजूला करून. बावीस वर्षांत तिनं कुणाचा कपडा मळका टांगलेला नव्हता. टांगताना तिनं दाराकडे पाहिलं, जणू चोरी करतेय. मग स्टूल ओढून ती यंत्राच्या गोल काचेत कपडे फिरताना बघत बसली. हे बोलणं होतं. तिला दुसऱ्या तऱ्हेनं बोलता येत नव्हतं.

संध्याकाळच्या चहाआधी तो उद्याचे कपडे न्यायला आला. शिबिरात खेळाडू मैदानामागच्या इमारतीतच राहायचे. खुंटीपाशी त्याची पावलं थांबली. तिनं मान वळवली नाही.

“मावशी,” तो म्हणाला, “यंत्र बिघडलंय का?”

“यंत्र ठीक आहे.”

तो आला आणि कपड्यांच्या पालथ्या टोपलीवर बसला. बसताना डावा पाय आपोआप लांब झाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यानं तो तसाच ठेवला. मग हसला. डॉक्टरनं गुडघ्याचे दोन फोटो काढले, दिवा लावून पाहिले, त्यांना दिसलं नाही आणि तुम्हाला चड्डीत दिसलं, म्हणाला. तपासणीच्या सकाळी त्यानं दोन गोळ्या घेतल्या होत्या आणि डॉक्टर वाकवेल तसा गुडघा वाकवून दिला होता, चेहऱ्याची सुरकुती न हलवता. कधीपासून कळलं, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, रेघा काल दिसल्या, कोरडी बाजू पहिल्या दिवसापासून दिसत होती. तो मान हलवत राहिला. चिखल लावताना स्वतःचीच लाज वाटली, म्हणाला. रंगमंचावर जायच्या आधी पावडर लावावी तसं.

“जिना कसा उतरतोस?” तिनं विचारलं.

“उलटा. कठडा धरून. घरी पोरीला वाटतं खेळ आहे, तीही माझ्याबरोबर उलटी उतरते. चार वर्षांची आहे, धप्पकन बसते आणि म्हणते, बाबा हरला.”

यंत्रानं पाणी सोडलं. मग तो संघाबद्दल बोलायला लागला. आवाज एकदम निराळा झाला, आतून उजेड लागल्यासारखा. या वर्षी संघ खरंच चांगला आहे, मावशी. वर्तमानपत्रवाले काहीही लिहितात, पण मी सांगतो. कप्तान झाल्यापासून सात-आठ वर्षं मी हरणाऱ्यांची मोट बांधत आलो. कोण दमलेला, कोण रागावलेला, कोण दुसऱ्या क्लबाच्या फोनची वाट बघणारा. आता कुठे पळायची हौस असलेली माणसं आलीत. त्या विंगरच्या पायात चेंडू गेला की मागून बघतानाही माझ्या अंगावर काटा येतो.

“एकदाच, एक मोसम, मला जिंकणाऱ्या संघात उभं राहायचंय,” तो म्हणाला. “सतरा वर्षं फक्त पडणारं घर धरून उभा होतो.”

ती म्हणाली, अर्ध्यात गुडघा गेला तर? तो म्हणाला, तर गेला. माझाच आहे.

“गुडघा तुझा आहे. मागचा गोल सगळ्यांचा आहे.”

हे वाक्य तिच्या तोंडून असं सपाट निघालं की तिलाच ते कुणीतरी दुसऱ्यानं म्हटल्यासारखं वाटलं. तो टोपलीवर नख ओढत राहिला. मग म्हणाला, सांगणार असाल तर सांगा, तुमची चूक नाही. पण शनिवारी दहाला यादी वाचणार आहेत. त्याआधी मीच सांगीन. मला शनिवारपर्यंत द्या. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्यानं खुंटीवरची चड्डी काढली आणि हौदाशी जाऊन स्वतःच्या हातानं धुतली. वाईट धुतली. तो गेल्यावर तिनं ती पुन्हा धुतली.

घरी नवरा खिडकीशी बसून रेडिओ दुरुस्त करत होता, म्हणजे उघडून ठेवून बोटांनी चाचपत होता. समोरचं त्याला अजून थोडं दिसायचं, काडीच्या टोकाएवढं. तिनं हातपाय धुतले, भात टाकला आणि भाताला उकळी येईस्तोवर उभी राहिली. एकोणीस वर्षं जे जमलं नव्हतं ते त्या संध्याकाळी जमलं याचं कारण धैर्य नव्हतं. ती फार दमली होती. माणूस दमला की हातातली वस्तू खाली ठेवतो, इतकंच.

“अहो,” ती म्हणाली, “तेव्हा डेपोच्या डॉक्टरला मी सांगितलं होतं.”

त्याची बोटं थांबली नाहीत. “ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“तपासणीच्याच दिवशी. डॉक्टर बोलून गेला, तुमच्या बाहीला रंग लागतो म्हणे. घरात बाह्या कोण बघतं? मी तर नाही बघत.”

मग बोलला का नाहीत, असं तिनं विचारलं. त्यानं एक बारीक स्क्रू बशीत टाकला, तो वाजला. काय बोलायचं, म्हणाला. बरोबरच केलंस. कुणीतरी चाकाखाली आलं असतं, मग तू आणि मी कुठे तोंड दाखवणार होतो. भात उतू जायला लागला तसं तिनं झाकण सरकवलं. तिला वाटलं, संपलं. एवढंच होतं तर.

“फक्त एक,” तो म्हणाला. “मी त्या शुक्रवारी जाणार होतो. माझा मी. शर्टला इस्त्री करून ठेवली होती. तू बुधवारी गेलीस.”

तिनं चुलीची आच कमी केली.

“दोन दिवसांत कदाचित कुणी मेलंही असतं. ते मी नाकारत नाही. पण मी उतरलो असतो गं. मला उतरवलं.” मग जरा वेळानं, सहज बोलावं तसं, “मीठ घातलंस का भातात?”

जेवताना ती आठवत राहिली. त्या आठवड्यात घरात इस्त्री केलेला शर्ट होता का? तिला सगळे कपडे आठवायचे. पोराचा शाळेतला पहिला सदरा, आईच्या शेवटच्या पांघरुणाची किनार, क्लबाच्या बावीस मोसमांतले बावीस रंग. तो शर्ट आठवेना. नवऱ्यानं आयुष्यात इस्त्री हातात धरलेली तिला आठवेना. कदाचित त्यानं खरंच धरली असेल, तिची पाठ वळल्यावर, गुपचूप, वेडीवाकडी. कदाचित हरवलेल्या सामानाच्या खोलीत चौदा वर्षं छत्र्यांच्या सोबतीनं बसून त्यानं तो शर्ट मनातल्या मनात शिवला असेल, इस्त्री केली असेल, शुक्रवारसाठी टांगून ठेवला असेल. तसं असेल तरी तो शर्ट खोटा ठरवायचा हक्क तिला कुठे होता. शेजारी नवरा शांतपणे जेवत होता. एक हात ताटाच्या काठावर ठेवून जेवायची त्याची पद्धत होती, ताट हलू नये म्हणून. ही पद्धत कधी सुरू झाली हेही तिनं कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी ती धुतलेल्या टॉवेलांची चळत घेऊन कार्यालयाच्या इमारतीत गेली. टॉवेल एरवी दुपारी पोचवायचे असतात. कोचच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत फळ्यावर मैदान आखलेलं होतं आणि त्यावर नंबरांच्या चकत्या. चार नंबर मागे मधोमध, आणि बाकीच्या चकत्या त्याच्यापासून मोजून अंतरावर, चुलीभोवती घर उभं राहावं तशा. कोच पाठमोरा, फोनवर बोलत होता. तरुणच म्हणायचा, चाळिशीचा. पाठीला पोक येत चाललेला. नको, तो म्हणत होता, चांगला आहे तो, पण आमच्याकडे आमचा माणूस आहे. मागं मला काळजी नाही. तुम्ही दुसरा क्लब बघा. टॉवेल तिच्या हनुवटीपर्यंत आले होते, त्यांना गरम साबणाचा वास होता. आत पाऊल टाकून तीन शब्द बोलायचे होते. त्याचा गुडघा गेलाय. दार ढकलायला हातही लागत नव्हता, खांद्यानं झालं असतं. आणि तिला इस्त्री केलेला तो शर्ट दिसला, तिनं कधीही न पाहिलेला. शुक्रवारी अंगात चढायचा राहून गेलेला. तिनं पाय मागे घेतला. जिना उतरताना तिला नीट कळत होतं की आपण काय करतोय. आपण एका माणसाला तीन दिवस देतोय, आणि ते तीन दिवस आपले नाहीत. पंचवीस जणांच्या पदरचे काढून देतोय. त्या विंगरचे, त्या कचरणाऱ्या गोलकीपरचे, फाटकावर उभं राहून भविष्य सांगणाऱ्या वेड्या पहारेकऱ्याचे.

गुरुवारी मुदत संपली. काही झालं नाही. ऊन पडलं, शिट्ट्या वाजल्या, शंकूंच्या मधून माणसं धावली. संध्याकाळी चार नंबरची चड्डी आली ती डाव्या बाजूला स्वच्छ कोरडी. चिखल नाही, ठसा नाही. निदान तिच्याशी खोटं बोलायचं त्यानं सोडलं होतं. शुक्रवारीही तसंच. तिनं नळाखाली धरायचं म्हणून धरली; खरवडायला काही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी बसमध्ये तिला वाटलं, तो सांगणार नाही. शनिवारी यादी वाचतील, पहिलं नाव त्याचं येईल, टाळ्या पडतील, आणि तो हात वर करील. जिंकणाऱ्या संघात उभं राहायची इच्छा ही काय साधी गोष्ट आहे. आणि मग मोसमभर, गुडघा मोडेपर्यंत, कोरडी बाजू धुणारी ती त्याची भागीदार. या विचारानं तिला राग यायला हवा होता, पण आली ती झोप. थांबा मागे गेला तेव्हा कंडक्टरनं हाक मारून उठवलं.

शनिवारी नऊला ती खोलीच्या दारात मोजे झटकत उभी होती. तो मैदान ओलांडून कार्यालयाकडे जाताना दिसला. साध्या कपड्यांत होता. तिच्याकडे पाहिलं नाही. आत गेला. तिनं मोज्यांच्या सव्वीस जोड्या लावल्या, मोडल्या, पुन्हा लावल्या. साडेनऊला दार उघडलं. कार्यालयाच्या इमारतीला बाहेर पाच पायऱ्या आहेत. समोरच्या गवतावर सगळा संघ यादीची वाट बघत पाय ताणत बसलेला. तो पायऱ्यांपाशी आला, वळला, कठडा धरला आणि सगळ्यांच्या देखत उलटा उतरला, एकेक पायरी, सावकाश. गवतावरचं बोलणं थांबलं. कुणी हसलं नाही. नव्या विंगरनं उठून हात पुढे केला, तो त्यानं घेतला नाही, पण शेवटच्या पायरीवर त्याच्या डोक्यावर टप्पल मारली आणि त्याच्या शेजारी गवतावर जाऊन बसला.

यादी दहाला वाचली गेली नाही. अकराच्या सुमाराला धुण्याच्या खोलीच्या दारात उजेड अडला. कोच होता. शिबिराच्या चौदा दिवसांत तो इथं पहिल्यांदाच आला होता आणि उतरत्या छताला डोकं आपटून आत आला. बाकीचे जेवायला एकत्र बसत तेव्हा तो कोपऱ्यातल्या टेबलावर वही उघडून एकटा जेवतो, हे तिला स्वयंपाकघरातल्या बाईनं सांगितलं होतं. बाकी त्याच्याबद्दल तिला काही ठाऊक नव्हतं, कारण तो आपले कपडे आपण धुवायचा.

“तो म्हणाला, तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“सोमवारी नक्की कळलं.”

तो पालथ्या टोपलीवर बसला. ओरडेल असं तिला वाटलं होतं, पण त्याच्यात तेवढं त्राण दिसलं नाही. बुधवारी मी एकाला नाही म्हणालो, तो सावकाश म्हणाला. चांगला स्टॉपर. परवा तो दुसरीकडे गेला. आता मागच्या फळीत मी एका मधल्या फळीतल्या माणसाला उभं करणार, आणि पहिल्या पाच सामन्यांत आम्ही किती गोल खाणार ते मला आत्ताच दिसतंय. पहिल्या चारात म्हणत होते ना, सातवे आलो तरी नशीब समजा. तिनं सांगितलं की बुधवारी ती टॉवेल घेऊन त्याच्या दाराशी उभी होती, फोन ऐकला होता. हे न सांगताही चाललं असतं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“मग आत का नाही आलात?”

यावर सांगण्यासारखं खूप होतं. एक निळी दारचौकट, एक शर्ट, चौदा वर्षांच्या छत्र्या. त्यातलं काही या माणसाला देता येण्याजोगं नव्हतं. “त्याला स्वतः यायचं होतं,” ती म्हणाली. “माझी चूक झाली असेल. मागे एकदा मी उलटी चूक केली होती.”

त्यानं खोलीभर नजर फिरवली. खुंट्या, बिल्ले, हौद, हौदाच्या काठावरची बोथट सुरी. तो कपड्यांमधून काय काय कळतं याचा अंदाज घेत होता, हे तिला दिसलं. बाकीच्यांचं काय, असं त्यानं विचारलं. आवाजात जरा हाव होती, जरा लाज. कोण काय लपवतंय, तुम्हाला दिसत असेल ना? बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिच्याकडे सव्वीस उत्तरं तयार होती, धुऊन, घडी घालून.

“जेवताना त्यांच्यात बसा, साहेब,” ती म्हणाली. “विचारा. सांगतात माणसं. सोमवारी मला कुणी विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं.”

बाहेर कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं, एकसारखा, कंटाळून. ती वळली, सकाळच्या पिशव्या यंत्रात भरायला लागली, दार लावलं, बटण दाबलं. जायला उठलेला कोच तिथंच उभा राहिला.

“मावशी, तुम्ही मघापासून एकाच हातानं भरताय,” तो म्हणाला. “दुखतं का कुठे?”

“नाही,” ती म्हणाली. शब्द इतका पटकन आला की जणू तोंडात आधीच होता, आणि चेहऱ्याची सुरकुती हलली नाही. यंत्रात पाणी भरायला लागलं. तो गेला नाही. काचेमागे पाणी चढत गेलं, पिशव्या सुटून तरंगायला लागल्या.

“खांदा,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली.”